हॉर्न वाजत होता का?

पसरणी घाट निम्म्याहून अधिक चढून झाला होता आणि एका उजव्या वळणावर माझी मोटारसायकल बंद पडली. तिने आचके दिले नाहीत की खोकली नाही. कोणीतरी हात पुढे करून चावी फिरवावी तशी ती एकाएकी गप्प झाली. मागून येणाऱ्या पर्यटकांच्या मोटारींना वाट देत मी ती कडेच्या कठड्याशी उभी केली आणि किक मारून पाहिल्या. इंजिन नुसते फिरत होते, पेटत नव्हते. पाचगणीकडे ढकलत नेण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा तोंड वाईकडे वळवले, गिअर काढला आणि गाडी उतारावर सोडून दिली. टायरांचा आवाज, साखळीची किणकिण आणि गरम इंजिनावरून येणारा तेलाचा वास एवढेच सोबतीला होते. पायथ्याजवळ रस्त्याला लागून पत्र्याचे एक गॅरेज आहे. तेथील मिस्त्रींनी माझे सगळे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, गाडी सावलीत नेऊन साइड स्टँडवर लावली, चावी दिली आणि एक किक मारली. गाडी सुरू झाली. "हितं तर चालू हाय की, सर," ते म्हणाले. मी खिशात हात घालताच त्यांनी मान हलवली. "ऱ्हाऊ द्या. काय केलंच न्हाई, तर पैसं कशाचं?"

ते पैसे न घेणे मला त्या दिवशी फार बोचले. त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता; उलट, न केलेल्या कामाचे पैसे न घेण्याचा सरळपणाच होता. पण हातातले पान्हे पुसत त्यांनी माझ्याकडे जे पाहिले, त्यात ह्या मास्तरला किक नीट मारता येत नसावी असा एक सौम्य संशय होता, आणि तो खोडून काढण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते. कायमची बंद पडलेली गाडी स्वतःच स्वतःचा पुरावा असते. मध्येच बंद पडून मध्येच सुरू होणारी गाडी मात्र मालकाला खोटे पाडते. जोवर ती चालू आहे तोवर शोधण्याजोगे काही नसते, आणि बंद पडते तेव्हा आपण भलत्याच ठिकाणी, हत्यारांवाचून, मागच्यांचे हॉर्न ऐकत उभे असतो.

गाडी जुनी आहे. कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट, त्यांच्यावरची ठिणगी आवरणारा कंडेन्सर, प्लगसाठी व्होल्ट चढवणारी कॉइल, हेडलाइटच्या घरातच बसवलेला, प्रवाह दाखवणारा अँमीटर आणि त्याच्या शेजारी चावी, अशा काळातली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण ह्या कथेत कारखान्याचा काहीच दोष नाही. कारखान्यातून ती धडधाकट बाहेर पडली असणार. ती मी कऱ्हाडच्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. व्यवहार झाल्यावर त्यांनी आतून एक कापडी पिशवी आणून माझ्या हातात ठेवली. तिच्यात गाडीतून वेळोवेळी काढलेले भाग होते: कॉइली, कंडेन्सर, पॉइंटचे जुने संच, प्लग, एक रेक्टिफायर. "लागतील कधीतरी," ते म्हणाले. त्या वेळी मला ते त्यांचे काटकसरी प्रेम वाटले. घाटातल्या प्रसंगानंतर ती पिशवी मी मेजावर ओतली आणि वीज मोजण्याचा मीटर लावून एकेक भाग तपासला. दोन्ही कॉइलींच्या प्राथमिक गुंडाळ्यांचा रोध चार ओहमच्या आसपास होता, दुय्यम गुंडाळ्या शाबूत होत्या. पॉइंटची तोंडे थोडी खडबडीत झाली होती, पण कानस फिरवून चालली असती. रेक्टिफायरही एका दिशेने प्रवाह सोडत होता आणि दुसऱ्या दिशेने अडवत होता. पिशवीतला बहुतेक ऐवज निर्दोष होता. म्हणजे हा दोष त्या गृहस्थांच्या वेळेपासूनचा होता, आणि दर वेळी कोणीतरी एक निरपराध भाग काढून त्याच्या जागी नवा बसवला होता.

असे का होते, हे समजायला अवघड नाही. कॉइल बदलायची तर टाकी काढावी लागते. टाकी काढताना वायरी हलतात, कनेक्टर सुटतात आणि पुन्हा घट्ट बसतात. ज्या तुटक जागी तांब्याची टोके एकमेकांपासून केसभर दूर गेली होती, ती ह्या हालचालीत पुन्हा एकमेकांना टेकतात. गाडी सुरू होते. मिस्त्री समाधानाने सांगतात, "कॉइल गेली होती," आणि मालक समाधानाने पैसे देतो. पुढचे काही आठवडे गाडी खरोखर उत्तम चालते, त्यामुळे निदानावर शिक्कामोर्तबही होते. ह्यात कोणी कोणाला फसवलेले नसते. अधूनमधून येणाऱ्या विद्युत दोषाचा स्वभावच असा आहे की, त्याला शोधायला लावलेला हात त्याला तात्पुरता बरा करतो आणि त्याबरोबर त्याचा मागही पुसून टाकतो.

म्हणून मी काहीही उघडायचे नाही असे ठरवले.

उघडायचे नाही, तर करायचे काय? आधी फक्त आठवायचे. गाडी बंद पडली ती कशी, ह्या एका प्रश्नात बरेच काही दडलेले असते. पेट्रोल कमी पडले की इंजिन हळूहळू मरते. जोर कमी होतो, आचके येतात, चोक ओढला की थोडा वेळ जीव धरते. कॉइल किंवा कंडेन्सर तापून फितूर झाला असेल, तर गाडी आधी फटफटते, आवाज फुटतो, आणि बंद पडल्यावर पंधरावीस मिनिटे थंड होऊ दिली तरच परत येते. कॉइलमधली बारीक तार तापल्यावर प्रसरण पावून तुटक जागी सुटते आणि निवल्यावर जुळते. म्हणून अशी कॉइल सकाळी मीटरवर तपासली तर ती निर्दोष ठरते, आणि ती पकडायची तर केस वाळवण्याच्या यंत्राने तापवून तापवून मोजावी लागते. माझी गाडी ह्या दोन्ही प्रकारांत बसत नव्हती. ती एका क्षणात गेली होती, पुरती गेली होती, आणि परत आली तीही पुरती. तापणे, निवणे, गळणे, तुंबणे ह्या सगळ्यांना वेळ लागतो. क्षणात घडते ते फक्त जुळणे आणि तुटणे.

मग आठवला तो हॉर्न. घाटात गाडी कडेला घेताना मागच्या मोटारीला इशारा म्हणून मी हॉर्न दाबला होता आणि तो चांगला खणखणीत वाजला होता. त्या क्षणी त्याचे काही वाटले नाही, पण घरी कागदावर गाडीच्या वायरिंगचा नकाशा काढून बसलो तेव्हा त्या एका आवाजाने निम्मा नकाशा खोडता आला. बॅटरीचा प्रवाह फ्यूजमधून निघतो, वायरींच्या जुडग्यातून टाकीखालून पुढे जातो, हँडलच्या मानेपाशी वळून हेडलाइटच्या घरात शिरतो, तेथे अँमीटरमधून चावीच्या स्विचपर्यंत पोहोचतो. स्विचपासून एक फाटा हॉर्नला जातो, आणि दुसरी, पांढऱ्या रंगाची वायर पुन्हा त्याच मानेतून मागे येऊन टाकीखालच्या कॉइलला मिळते. कॉइलमधून पॉइंट, पॉइंटमधून इंजिनाची बॉडी आणि बॉडीतून बॅटरीचे दुसरे टोक, असा तो फेरा पुरा होतो. हॉर्न वाजत असेल तर बॅटरी, फ्यूज, अँमीटर आणि चावी ही सगळी मंडळी निर्दोष सुटतात. बॅटरीची बॉडीला जोडलेली अर्थची पट्टीही सुटते. राहता राहिली ती पांढरी वायर, तिची दोन टोके, कॉइल आणि पॉइंट. आपल्याकडे गाडी बंद पडली की सगळे आधी प्लग काढून पाहतात. मला विचाराल तर आधी हॉर्न दाबावा, मग अँमीटरकडे पाहावे. चावी देऊन किक हळूच दाबली की पॉइंट मिटताना काटा तीनेक अँपिअर उणे बाजूला सरकतो आणि उघडताना परत येतो; काटा असा झुलत असेल तर प्रवाह पॉइंटपर्यंत पोहोचतो आहे, आणि निपचित पडला असेल तर पॉइंट तरी मिटत नाहीत किंवा वाटेत कुठेतरी खंड आहे. प्लग काढण्याची हत्यारे घाटात जवळ असतीलच असे नाही. अँमीटर नेहमी डोळ्यांसमोर असतो.

उरलेल्या एका वायरीसाठी मीटर लावून 'बीप' ऐकली की झाले, असे एका मित्राने सुचवले. ही बीप फार खोटारडी असते, असे माझे मत झाले आहे. मीटर वायरीतून जेमतेम मिलिअँपिअरचा प्रवाह पाठवतो आणि तेवढ्यासाठी तांब्याची एक उरलेली तार किंवा हिरव्या कळंकाखालचा एखादा चकाकता कणही पुरतो. कॉइलला मात्र तीन अँपिअर लागतात. चार ओहमच्या कॉइलच्या वाटेत कुठेतरी एकाच ओहमचा कळकलेला सांधा आला, तर बारापैकी जवळजवळ अडीच व्होल्ट तो सांधाच खाऊन टाकतो आणि कॉइलच्या वाट्याला साडेनऊच्या आसपास राहतात. तो एक ओहम मीटरच्या स्वतःच्या वायरींच्या रोधात सहज लपून जातो. म्हणून अशा ठिकाणी रोध मोजू नये, प्रवाह वाहत असताना त्या सांध्यावर किती व्होल्ट पडतात ते मोजावे. चांगल्या सांध्यावर एकदशांश व्होल्टच्या आतबाहेर पडतात, अर्धा व्होल्ट पडला तर तेथे काहीतरी कुजले आहे असे समजावे. जुन्या ६ व्होल्टच्या गाड्यांमध्ये, म्हणजे एके काळी म्हैसूरला बनणाऱ्या येझदीसारख्या गाड्यांमध्ये, हा प्रकार आणखी जाचक असतो. तेवढ्याच उजेडासाठी तेथे दुप्पट प्रवाह लागतो, आणि त्याच सांध्यात चौपट शक्ती जळते. येझदीच्या मंद दिव्याची थट्टा करणाऱ्यांनी एकदा तिचे सगळे पितळी सांधे घासून पाहावेत.

आमच्या भागातल्या पावसाची ह्या कळंकाला चांगलीच साथ असते. जूनपासून हवा अशी ओलसर होते की गाडी छपराखाली उभी असली तरी कनेक्टरच्या रबरी टोपीत पाणी साचते. पितळेवर हिरवट काळी पूड जमते, आणि बोटाला लागली तर तिचा तो आंबूस धातूचा वास हात धुतल्यावरही जात नाही. घाटमाथ्यावरच्या गाड्यांना हा रोग असतोच. पण पावसाळी दोषाला पाऊस लागतो, आणि माझी गाडी कोरड्या हिवाळ्यात, स्ट्रॉबेरीच्या मोसमात बंद पडली होती. तेव्हा तो संशयही यादीतून काढावा लागला.

मग मी एक वही केली. गाडी बंद पडली किंवा क्षणभर चुकली की घरी आल्यावर लिहायचे: ऊन किती होते, रस्ता कसा होता, खड्डा आला का, दिवा चालू होता का, ब्रेक दाबला होता का, हँडल कोठे वळलेले होते. अशा वहीचा पहिला परिणाम असा होतो की, आपण गाडी बंद पडण्याची आतुरतेने वाट पाहू लागतो. सकाळी कॉलेजला जाताना ती सुरळीत चालली की मला चुटपुट लागे, आणि कृष्णेच्या पुलावर तिने एकदा डोळा मिचकावल्यासारखा ठोका चुकवला तेव्हा मला झालेला आनंद कोणाला सांगण्याजोगा नव्हता. इतकी वर्षे गाडी नीट चालावी म्हणून देवाला नारळ फोडणाऱ्या माणसाच्या मनाची ही उलटापालट जरा ओशाळवाणी असते. पण वहीची पाने भरत गेली तसे त्यात काहीतरी दिसू लागले. ऊन आणि खड्डे ह्यांचा संबंध नव्हता. उजव्या वळणाचा होता.

ह्याच सुमारास एका मित्राच्या गाडीचा किस्सा घडला. त्याच्या गाडीचा फ्यूज अधूनमधून जायचा, आणि तोही फक्त वहिनी मागे बसलेल्या असताना. घरात त्यावरून व्हायचे ते विनोद होऊन गेले होते, आणि वहिनींना ते आवडलेले नव्हते. फ्यूज गेला की तो नवा घालायचा, आणि फ्यूज जवळ नसला तर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळायचा. हा आपल्याकडचा सर्वत्र रूढ उपाय घरी पोहोचवतो खरा, पण पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरच जाळतो. आम्ही फ्यूज काढून त्याच्या जागी हेडलाइटचा एक जुना बल्ब जोडला. असा बल्ब मध्ये असला की वायर कोठेही बॉडीला टेकली तरी काही जळत नाही; फक्त बल्ब भक्कन पेटतो, आणि टेकणे थांबले की विझतो. मग वहिनींना सीटवर बसवून जरा वरखाली व्हायला सांगितले. गाडी दबली, ब्रेकचा पेडल दाबताच बल्ब पेटला. मागच्या मडगार्डखाली ब्रेकलाइटची वायर पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली होती, आणि ओझ्याने मडगार्ड खाली बसले की ती टेकत होती. ब्रेकचा स्विच दाबल्याशिवाय त्या वायरीत प्रवाहच नसल्याने एकट्याने बसून तपासले असता काहीच सापडले नसते. वहिनी खाली उतरून एवढेच म्हणाल्या, "आता त्या कडेला रबर लावा, मी पुन्हा उड्या मारणार नाही."

फ्यूजच्या जागी बल्ब लावण्याची ती युक्ती मला माझ्या गाडीसाठी तशीच्या तशी उपयोगी नव्हती, कारण माझ्याकडे टेकणे नव्हते, सुटणे होते. पण बल्बाला साक्षीदार करावे ही कल्पना मी तेथून उचलली. स्पीडोमीटरच्या डायलमध्ये असतो तसला एक लहान बल्ब घेतला, त्याचे एक टोक कॉइलच्या ज्या स्क्रूवर पांढरी वायर येते तेथे जोडले, दुसरे बॉडीला, आणि लांब वायरीने तो हँडलवर आणून बांधला. दुसरा तसाच बल्ब चावीच्या स्विचच्या टोकावर, म्हणजे पांढरी वायर जेथून निघते तेथे. येथे मुद्दाम तंतूचा बल्ब वापरावा. हल्लीचा एलईडी इतक्या थोड्या प्रवाहावर पेटतो की जवळजवळ तुटलेल्या वायरीवरही तो आपला प्रकाशत राहील. भर उन्हात बल्ब पेटला की विझला ते दिसत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या फिल्मच्या दोन जुन्या काळ्या डब्या शोधून त्यांच्या तळाला भोके पाडली आणि बल्ब आत बसवले. गाडी सुरू असताना त्या दोन डब्यांत दोन पिवळे ठिपके दिसत. आता गाडी बंद पडली की फक्त खाली पाहायचे. दोन्ही पेटलेले असतील तर दोष कॉइल-पॉइंटचा, दोन्ही विझले तर चावीच्या अलीकडचा, आणि चावीचा पेटलेला व कॉइलचा विझलेला असेल तर मधल्या वायरीचा.

ते दोन ठिपके घेऊन मी आठवड्याच्या मधल्या वारी, रहदारी नसताना, भल्या सकाळी घाट चढू लागलो. खाली धोम धरणाच्या पाण्यावर धुके होते आणि हात गारठून हँडलला चिकटले होते. वळणे येत होती आणि जात होती, दोन्ही ठिपके शांतपणे पेटलेले. गाडी इतकी सुरेख चालत होती की मला तिचा राग आला. घाटमाथ्यावरच्या हॅरिसन फॉली ह्या ठिकाणाच्या बाजूला जरा थांबून चहा घ्यावा असा विचार करत होतो तेवढ्यात, हळू वेगाने हँडल पुरते उजवीकडे वळवावे लागलेल्या एका जागी, इंजिन गप्प झाले. खाली पाहिले. चावीचा ठिपका पेटलेला होता. कॉइलचा विझलेला होता. मी हँडल तसेच उजवीकडे धरून ठेवले, जणू पकडलेला चोर सुटेल. मग अगदी सावकाश डावीकडे आणले, आणि दुसरा ठिपका पेटला. पुन्हा उजवीकडे, विझला. मागून आलेल्या दुधाच्या टेम्पोच्या ड्रायव्हरने वेग कमी करून विचारले, "काय झालं?" मी म्हणालो, "सापडलं." तो काही न बोलता पुढे गेला.

गॅरेजमधल्या त्या एका किकेचाही आता उलगडा झाला. साइड स्टँडवर गाडी डाव्या अंगाला कलते आणि हँडल आपसूक डावीकडे पडते. घाटात मी वळणाच्या ओघात उजवीकडे वळलेले हँडल तसेच ठेवून किक मारत होतो. मिस्त्रींनी गाडी स्टँडवर लावली त्या क्षणी ती दुरुस्त झाली होती, किंवा कदाचित घाट उतरताना वाटेत आधीच झाली असेल. म्हणजे त्यांनी पैसे घेतले असते तरी हरकत नव्हती.

पुढचे काम घरचे होते. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, हेडलाइटचे घर उघडले, चावी दिली आणि किक फिरवून पॉइंट मिटलेल्या स्थितीत आणले, कारण पॉइंट उघडे असतील तर प्रवाहच वाहत नाही आणि मोजायला काही उरत नाही. ह्या अवस्थेत चावी फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते. मीटर व्होल्टवर ठेवून त्याची एक सळई वायरीच्या चावीकडच्या टोकाला, दुसरी कॉइलकडच्या टोकाला लावली. काट्याचा जुना मीटर अशा वेळी आकड्यांच्या मीटरहून सरस ठरतो. आकडे बदलायला क्षणभर घेतात, काटा मात्र दचकतो. हँडल सरळ असताना तो शून्याला लागून होता. उजवीकडे नेऊ लागताच थरथरला आणि शेवटच्या बोटभर वळणात थेट बाराकडे झेपावला. म्हणजे बॅटरीचे सगळे व्होल्ट ह्या हातभर वायरीतच अडकले होते.

आणि मग, इतक्या दिवसांनी, जुडगे उघडायचा हक्क मिळाला. चिकटपट्टीचा वर्षानुवर्षांचा डिंक उन्हाने वितळून काकवीसारखा झाला होता आणि बोटांना सुटत नव्हता. आत गाडीच्या आधीच्या सगळ्या मालकांनी आपापली नोंद केलेली होती. एका जागी लाल वायर हिरवीला पिळून जोडलेली, एका ठिकाणी घरगुती फिटिंगमधला अखंड तारेचा तुकडा, एके काळी बसवलेल्या आणि नंतर काढलेल्या कर्कश हॉर्नच्या दोन लोंबत्या वायरी. अखंड तार भिंतीत चालते, पण कंपनाच्या जागी थकून तुटते, हे त्या जोडणाऱ्याला ठाऊक नसावे. किंवा ठाऊक असूनही रात्री अकरा वाजता कुठल्याशा आडगावी त्याच्यापाशी तेवढेच असावे. मला आधी चीड आली आणि मग ती टिकली नाही. ह्या पिळलेल्या सांध्यांवर कोणीतरी सुखरूप घरी गेले होते. आणि गंमत अशी की, ते सगळे ओबडधोबड सांधे अजून धड होते. तुटले होते ते सर्वांत सुबक काम. मानेच्या मागे, फ्रेमच्या नळीला, कोणीतरी जुडगे प्लॅस्टिकच्या पट्टीने अगदी आवळून, नीटनेटके बांधले होते. हँडलच्या प्रत्येक वळणाचा ताण त्यामुळे बोटभर लांबीत, त्या पट्टीच्या कडेलाच येत होता. बाहेरून पांढऱ्या वायरीवर ओरखडाही नव्हता. चिमटीत धरून हलकेच ओढली, तर त्या जागी ती विजारीच्या इलॅस्टिकसारखी ताणली गेली. आत तांबे उरले नव्हते, नुसते वरचे प्लॅस्टिक ताणत होते. ब्लेडने चिरून पाहिले तेव्हा काळ्या पडलेल्या तारांची दोन झुबकेदार टोके समोरासमोर दिसली.

नवी वायर घालताना ती बारीक तारांची घेतली, रंग पांढराच ठेवला, आणि मानेपाशी सैल वळण देऊन पट्टी बरीच मागे नेऊन ढिली बांधली, म्हणजे वळण्याचा भार सबंध वळशावर पसरेल. टोकांना डाग (सोल्डर) दिला नाही; डाग वायरीत वर चढून तिला ताठर करतो आणि जेथे ताठरपणा संपतो तेथे ती पुन्हा तुटते. पितळी टोक्या दाबून बसवल्या. ह्यावर मतभेद आहेत आणि डागाचे समर्थक हटवादी असतात, तेव्हा तो विषय येथेच सोडतो. जुना तुकडा मेजावर एका बॅटरीला आणि बल्बाला जोडला. उजवीकडे वाकवला की बल्ब विझे, डावीकडे वाकवला की पेटे. हे इतक्यांदा करून पाहिले की घरातले वैतागले, पण मला ते हवे होते. गाडी त्यानंतर बंद पडली नाही, एवढ्याने निदान सिद्ध होत नाही. त्या कापडी पिशवीतल्या प्रत्येक कॉइलनंतरही ती काही काळ बंद पडली नव्हती. दोष आपल्या हाताने हवा तेव्हा आणता आणि घालवता आला, तरच तो सापडला असे मी मानतो.

सगळे जुडगेच नवे का टाकले नाही, असे पुष्कळांनी विचारले. बाजारात मिळते, एका दिवसात बसते, आणि खरे तर व्यवहाराच्या दृष्टीने तेच शहाणपणाचे आहे. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याने तसेच करावे. गॅरेजवाल्यानेही तेच करावे, कारण त्याला शोधण्याचे पैसे कोणी देत नाही. गिऱ्हाइकाला हातात धरून दाखवता येईल असा भाग लागतो, जुना आणि नवा. वहीत वळणांच्या नोंदी करत हिंडण्याचा मजुरीदर अजून कोणी ठरवलेला नाही, आणि उद्या मिस्त्रींनी तो मागितला तर मीच आधी कुरकुर करीन. ही मोकळीक फक्त हौशी माणसाला असते, आणि तिची किंमत त्याच्या घरातले मोजतात.

त्या डब्या मी अजून हँडलवरून काढलेल्या नाहीत. त्यामुळे आमच्या कॉलेजात आता माझा ह्या विषयात अधिकार आहे असा समज पसरला आहे. परवा वनस्पतिशास्त्राचे एक ज्येष्ठ सर आपल्या स्कूटरविषयी विचारायला आले. मध्येच बंद पडते, म्हणाले, आणि गॅरेजात नेली की चालू होते. दोनदा बॅटरी बदलून झाली. मी विचारले, "सर, बंद पडते तेव्हा हॉर्न वाजतो का?" त्यांनी कधी दाबून पाहिला नव्हता. "मग पुढच्या वेळी बंद पडली की आधी हॉर्न दाबून पाहा, आणि हँडल कुठे वळलंय ते लक्षात ठेवा," मी म्हणालो. ते जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "अहो, पण ती पुढच्या वेळी बंदच पडू नये म्हणून तर तुमच्याकडे आलो."